डिश घेतल्यानंतर टीव्हीचे चित्र धूसर दिसू लागले, तर दोष कुठे शोधावा?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: केबल बंद करून तुम्ही डिश घेतली, सपाट पडद्याचा टीव्ही तोच राहिला, सेट-टॉप बॉक्सवर एचडी असे छापलेले आहे, आणि तरीही चेहऱ्यांवरचे बारकावे पुसल्यासारखे दिसतात व बातम्यांच्या पट्टीतील अक्षरांच्या कडा थरथरतात. डिश बसवायला आलेल्या माणसाने सिग्नल उत्तम असल्याचे दाखवले आणि हवी तर मोठी डिश बसवा, असा सल्ला दिला. पाऊस आला की चित्र अडकते, हेही तुम्ही शेवटी ओझरते लिहिले आहे. माझ्या मते या दोन स्वतंत्र तक्रारी आहेत आणि त्यांची मुळे यंत्रणेच्या दोन वेगवेगळ्या टोकांना आहेत. त्या एकत्र सांगितल्या गेल्या की छतावरच्या डिशला बोल लावून विषय संपवणे सर्वांनाच सोपे जाते, पण धूसरपणा तसाच राहतो.

जुन्या अ‍ॅनालॉग प्रक्षेपणात सिग्नल अशक्त झाला की चित्रावर मुंग्या यायच्या, रंग फिके पडायचे. म्हणजे सिग्नल जितका घसरे तितके चित्रही घसरत जाई. ही सवय अजून आपल्या डोळ्यांत आहे. डिशवरून येणारे चित्र मात्र आकड्यांच्या रूपात येते आणि वाटेत झालेल्या चुका दुरुस्त करता याव्यात म्हणून त्यासोबत काही जादा आकडे पाठवलेले असतात. चुका दुरुस्तीच्या मर्यादेत असेपर्यंत बॉक्सला मिळणारे चित्र मूळ प्रक्षेपणाशी तंतोतंत जुळते, मग सिग्नलची पट्टी ६५ दाखवो की ९५. मर्यादा ओलांडली की चित्राचे चौकोनी तुकडे होतात, ते गोठते किंवा पडदा काळा होतो, आवाज तुटतो. या दोन अवस्थांच्या मध्ये ‘थोडेसे धूसर’ अशी अवस्था नाही. त्यामुळे चित्र सतत धूसर असेल, पण तुटत नसेल, तर डिश, एलएनबी (डिशसमोर दांड्यावर बसवलेला, सिग्नल पकडणारा भाग) आणि छतावरून खाली येणारी तार या तिन्ही गोष्टींना संशयातून वगळावे. दोष बॉक्सपासून टीव्हीपर्यंतच्या टप्प्यात आहे, किंवा चॅनल मुळातच तसा येत आहे.

सर्वांत आधी टीव्हीच्या मागे पाहा. बॉक्समधून टीव्हीला लाल, पांढरी आणि पिवळी अशा तीन पिनांची तार गेलेली असेल, तर अक्षरांच्या थरथरणाऱ्या कडांचे कारण बहुधा तेथेच सापडेल. त्यांतील लाल आणि पांढरी पिन आवाजाची असते. संपूर्ण चित्र एकट्या पिवळ्या पिनेतून जाते. उजेडाची आणि रंगाची माहिती एकाच तारेत मिसळून पाठवलेली असते, टीव्हीला ती पुन्हा वेगळी करावी लागते आणि ते काम कधीच पूर्ण शुद्ध होत नाही. त्यामुळे ठळक रंगाच्या अक्षरांच्या कडेने बारीक ठिपके सरकत राहतात आणि लाल रंग शेजारी पाझरतो. शिवाय या तारेतून एचडी चित्र जाऊच शकत नाही. साध्या चित्रात आडवे ७२० आणि उभे ५७६ ठिपके असतात (काही देशांत उभे ४८०), तर पूर्ण एचडी चित्रात १९२० आणि १०८०. गुणाकार केला तर एकीकडे सुमारे चार लाख पंधरा हजार ठिपके आणि दुसरीकडे वीस लाखांहून अधिक. बॉक्सला एचडी चित्र मिळत असले तरी पिवळ्या पिनेच्या वाटेने त्याचा फार तर पाचवा हिस्सा टीव्हीपर्यंत पोहोचतो, आणि उरलेले ठिपके टीव्ही अंदाजाने भरतो.

उपाय म्हणजे एचडीएमआय तार. ती महागडी असण्याची गरज नाही. टीव्हीशेजारी ठेवलेल्या बॉक्ससाठी साधी चांगली तार आणि सोन्याचा मुलामा दिलेली तार यांच्या चित्रात काहीही फरक पडत नाही, कारण तिथेही आकडेच जातात, आणि तार खराब असेल तर चमचमणारे ठिपके किंवा क्षणभर काळा होणारा पडदा यावरून ते लगेच कळते. तार जोडल्यावर रिमोटवरून टीव्हीचा इनपुट बदलायला मात्र विसरू नका. दोन्ही तारा जोडलेल्या आहेत, एचडीएमआयची तार नुसतीच लोंबते आहे आणि घरातले सगळे अजूनही ‘एव्ही’वरच, म्हणजे पिवळ्या पिनेच्या इनपुटवर, कार्यक्रम पाहत आहेत, हा प्रकार मी इतक्या घरांत पाहिला आहे की आता आधी तेच तपासतो.

तार बदलूनही फरक पडला नाही तर बॉक्सच्या मेनूत चित्राची किंवा व्हिडिओची जी सेटिंग असेल ती उघडा. अनेक बॉक्स एचडीएमआय जोडल्यानंतरही जुन्या ५७६ ओळींवरच अडून राहतात. तेथे १०८० निवडावे. तुमच्या टीव्हीचा पडदा १३६६ बाय ७६८ ठिपक्यांचा असेल, तर ७२० आणि १०८० हे दोन्ही पर्याय लावून पाहा आणि अक्षरे ज्यात स्वच्छ दिसतील तो ठेवा, कारण अशा पडद्यावर दोन्ही चित्रांचे माप बदलावेच लागते आणि ते काम बॉक्स अधिक चांगले करतो की टीव्ही, हे पाहूनच ठरते. त्याच ठिकाणी पडद्याचा आकार १६:९ करा. टीव्हीच्या बाजूने ‘जस्ट स्कॅन’, ‘स्क्रीन फिट’ अशा नावाचा पर्याय असतो. तो सुरू नसेल तर टीव्ही चित्राच्या कडा थोड्या कापून उरलेले ताणतो आणि नेमके आलेले चित्रही विनाकारण मऊ पडते.

येथवर आल्यावर एक सोपी चाचणी करता येते. बॉक्सचा स्वतःचा मेनू किंवा कार्यक्रमांचे वेळापत्रक उघडा आणि त्यातील अक्षरे जवळ जाऊन पाहा. हा मेनू उपग्रहावरून आलेले चित्र नसतो, तो बॉक्सच तयार करतो. मेनूची अक्षरे रेखीव आहेत आणि मागचा कार्यक्रम तेवढा धूसर आहे, असे दिसले तर तार आणि सेटिंग ठीक आहेत व धूसरपणा चॅनलबरोबरच येत आहे. मेनूची अक्षरेही बोजड आणि फुटलेली दिसली, तर संशय पुन्हा तार, इनपुट आणि रिझोल्यूशन यांवर. काही बॉक्स मेनू लहान आकारात काढून मोठा करतात, म्हणून शंका आली तर एखाद्या एचडी चॅनलच्या कोपऱ्यातील बोधचिन्हाच्या कडाही पडताळून पाहाव्यात.

आता चॅनलविषयी. बॉक्स एचडी असणे आणि चॅनल एचडी असणे या वेगळ्या गोष्टी आहेत. तोच चॅनल बहुतेक सेवांमध्ये दोन क्रमांकांवर असतो, एक साधा आणि एक एचडी. एचडीसाठी वेगळी निवड करावी लागते आणि वर्गणीही वेगळी असू शकते. जुन्या क्रमांकाच्या सवयीने साधाच चॅनल लावला, तर कोणतीही तार किंवा सेटिंग त्याला एचडी करू शकत नाही. एचडी क्रमांक लावूनही खेळाच्या सामन्यात कॅमेरा वेगाने फिरला की मैदानावरचे गवत हिरव्या लगद्यासारखे होत असेल, तर ते दाबणीचे, म्हणजे चित्राची माहिती दाबून लहान केल्याचे (कॉम्प्रेशनचे) फळ आहे. उपग्रहावरच्या एका ट्रान्सपाँडरची (सिग्नल घेऊन पुन्हा जमिनीकडे पाठवणाऱ्या यंत्राची) क्षमता ठरलेली असते आणि ती अनेक चॅनलांमध्ये वाटली जाते. ज्या क्षणी ज्या चॅनलवर हालचाल जास्त, त्याला थोडा जास्त वाटा मिळतो, पण सगळ्यांवरच धावपळ असली की प्रत्येकाच्या वाट्याला कमी येते. यावर घरात बसून करण्यासारखे काही नाही. तुमची आधीची केबल अ‍ॅनालॉग होती की डिजिटल, हे तुम्ही लिहिलेले नाही, परंतु अ‍ॅनालॉग असेल तर तिचे चित्र मऊ असूनही त्यात दाबणीचे चौकोन नव्हते, आणि ‘आधी चांगले दिसत होते’ ही तुमची भावना त्या अर्थाने मुळीच चुकीची नाही.

टीव्हीच्या चित्रसेटिंगकडे फार कमी लोक पाहतात. बहुतेक टीव्ही प्रत्येक इनपुटसाठी वेगळी सेटिंग लक्षात ठेवतात. म्हणजे जुन्या इनपुटवर वर्षानुवर्षे बसवलेले सगळे नव्या एचडीएमआय इनपुटवर लागू होत नाही आणि तेथे कारखान्यातून आलेली, दुकानातल्या झगमगाटासाठी योग्य अशी भडक अवस्था असू शकते. ‘विविड’ ऐवजी ‘स्टँडर्ड’ किंवा ‘सिनेमा’ निवडा आणि शार्पनेस बराच खाली आणा. शार्पनेस वाढवला की तपशील वाढतो, असा समज आहे. प्रत्यक्षात टीव्ही कडांभोवती कृत्रिम रेघ ओढतो आणि दाबणीचे चौकोन अधिकच उठून दिसतात. नॉइज रिडक्शन (चित्रातील बारीक ठिपके गाळणारी सेटिंग) जोरात असेल तर चेहऱ्यावरचे बारकावे तेच पुसते, म्हणून तुमच्या वर्णनावरून ते कमी करून पाहणे मला आवश्यक वाटते. काळा रंग राखाडी दिसत असेल, तर टीव्ही आणि बॉक्स यांच्या ‘ब्लॅक लेव्हल’च्या सेटिंगचा मेळ बसलेला नाही, हे कारण असू शकते.

राहिला पावसाचा प्रश्न, आणि येथे डिश खरोखर दोषी असू शकते. घरगुती डिशवरील प्रक्षेपण बहुतांशी केयू पट्ट्यात होते, १०.७ ते १२.७५ गिगाहर्ट्झच्या या लहरींची लांबी जेमतेम अडीच सेंटिमीटर असते आणि पावसाचे थेंब त्या शोषतात व विखरून टाकतात. उपग्रह ३५,७८६ किलोमीटर उंचीवर आहे, पण नुकसान होते ते अखेरच्या काही किलोमीटरांत. ढगफुटीसारख्या पावसात काही मिनिटे चित्र जाणे स्वाभाविक आहे. साध्या सरीनेही जात असेल, तर कोरड्या हवेतही तुमचा सिग्नल मर्यादेच्या अगदी काठावर असावा.

हे तपासण्यासाठी बॉक्सच्या मेनूतील दोन पट्ट्या पाहा: सिग्नलची ताकद आणि सिग्नलची गुणवत्ता. ताकदीत उपयोगी सिग्नलबरोबर गोंगाटही मोजला जातो, त्यामुळे ती ९० दिसूनही गुणवत्ता काठावर असू शकते. बसवणाऱ्याने तुम्हाला कोणती पट्टी दाखवली, हे विचारण्यासारखे आहे. ताकद चांगली आणि गुणवत्ता कमी असेल तर डिश एखाद-दोन अंशांनी सरकलेली असणे, एलएनबी योग्य कोनात फिरवलेला नसणे किंवा समोर झाडाची फांदी वाढलेली असणे ही नेहमीची कारणे आहेत. दोन्ही पट्ट्या कमी असतील तर जोडणीत पाणी शिरले आहे का, तार कुठे घडी पडून मोडली आहे का, मध्ये अनावश्यक विभाजक लावलेला आहे का, हे पाहावे. काही ठरावीक चॅनलच जात असतील तर तीही खूण आहे: बॉक्स एलएनबीला १३ किंवा १८ व्होल्ट पुरवतो आणि त्यावरून लहरींची उभी किंवा आडवी दिशा निवडली जाते, त्यामुळे गंजलेल्या जोडणीत व्होल्ट घटले की एका दिशेचे चॅनल गायब होतात आणि दुसऱ्या दिशेचे सुखरूप राहतात. याच कारणाने, तार काढण्यापूर्वी बॉक्सचा वीजपुरवठा बंद करावा. त्या तारेत वीज असते आणि मधली तांब्याची तार बाहेरच्या जाळीला टेकली तर बॉक्स बिघडू शकतो.

मोठी डिश घेण्याचा सल्ला या दुसऱ्या तक्रारीपुरता अगदीच चुकीचा नाही: ६० सेंटिमीटरच्या जागी ९० सेंटिमीटरची डिश लावली तर क्षेत्रफळ सव्वादोन पट होते आणि पावसात तग धरण्याची ताकद वाढते. परंतु दिशा चुकलेली मोठी डिश लहान डिशपेक्षा त्रासदायक ठरते, कारण तिची नजर अधिक अरुंद असते आणि वाराही ती जास्त धरते. म्हणून तंत्रज्ञ पुन्हा येईल तेव्हा त्याला टीव्हीसमोर गुणवत्तेची पट्टी उघडून ठेवायला सांगा आणि आहे त्याच डिशची दिशा व एलएनबीचा कोन त्या पट्टीकडे पाहत जुळवून, तारेची दोन्ही टोके नव्याने बसवून घ्या. एवढे करूनही हलक्या पावसात चित्र अडकत असेल, तरच मोठ्या डिशचा खर्च करावा.