झोपेचा वास विकत मिळतो का?

प्रश्न : मुलगा तीन वर्षांचा आहे. रात्री अकरा वाजले तरी डोळ्याला डोळा नाही. दुपारी पाळणाघरात साडेपाचपर्यंत ताणून देतो. नणंदेने डिफ्यूझर (पाण्यात तेलाचे थेंब टाकून खोलीत वास पसरवायचं यंत्र) आणि लॅव्हेंडर, निलगिरीच्या तेलाच्या कुप्या दिल्यात. सासूबाई म्हणतात, उशाशी कापराची पुरचुंडी ठेव, ओव्याची धुरी दे. यजमानांना दमा आहे. कुणाचं ऐकू? हल्ली झोपेत तो घोरतोही, तोंड उघडं असतं. – एक आई, डोंबिवली

उत्तर : नणंदबाईंची लॅव्हेंडरची कुपी ठेवा, निलगिरीची परत करा. आणि सासूबाईंचा कापूर देवघरातच राहू द्या, तोही मुलाचा हात पोचणार नाही अशा फळीवर.

कापराचं आधी सांगते, कारण खरी भीती त्याचीच. पुरचुंडी सोडायला तीन वर्षांच्या पोराला कितीसा वेळ लागतो? आतली पांढरी वडी त्याला खडीसाखरेसारखी दिसते. कापूर पोटात गेला की बघता बघता झटके येऊ शकतात. इतक्या लहान मुलाला ग्रॅमभरही जीवघेणा ठरू शकतो. अमेरिकेत तर अंगाला चोळायच्या मलमांतही त्याचं प्रमाण ११ टक्क्यांच्या वर चालत नाही, आणि पूजेची चांगली वडी म्हणजे जवळजवळ निव्वळ कापूरच. निलगिरीचं तेलही तसंच, चमचाभर गिळलं तरी मूल गुंगीत जातं. यातलं काही पोटात गेलंच, तर उलटी काढू नका. कुपी किंवा वडी सोबत घेऊन तडक दवाखाना गाठा.

धुरीला माझा साफ नकार. ओवा घाला नाहीतर वेखंड, धूर तो धूरच. घरात दमा असताना तर नकोच नको. (सासूबाईंना सांगताना माझं नाव पुढे करा, मला सवय आहे.)

आता लॅव्हेंडर. ते झोपेचं औषध नव्हे. पण वासाची वाट मेंदूतल्या भावना आणि आठवणी सांभाळणाऱ्या भागांत थेट शिरते, त्यामुळे रोज त्याच वेळी तोच वास आला की मुलाला कळायला लागतं, आता दिवे मालवायचे. म्हणजे गुण तेलाइतकाच तुमच्या नेमाचा. डिफ्यूझरच्या पाण्यात दोन थेंब पुरेत. मूल झोपायच्या आधी अर्धा तास लावा, खिडकी किलकिली ठेवा, आणि डिफ्यूझर बंद करून मग मुलाला खोलीत न्या. यजमानांना खोकला आला तर त्याच दिवशी तो प्रयोग थांबवा. पाय चोळून द्यायचे असतील तर ३० मिली खोबरेल तेलात दोनच थेंब, आधी मनगटाजवळ लावून एक दिवस वाट बघा. नाकात, तोंडाजवळ काही नाही. कुपीवर नुसतं ‘अरोमा ऑइल’ लिहिलेलं असेल आणि वनस्पतीचं शास्त्रीय नाव नसेल, तर ते अंगाला लावूच नका, बहुधा कृत्रिम सुगंध असतो.

खरं तर हेही विकतचं कशाला? उन्हाळ्यात वाटीभर मोगरा खिडकीत ठेवा. किंवा तुमच्या जुन्या साडीची गोधडी द्या, नुकती धुतलेली नको, तुम्ही दोन रात्री अंगावर घेतलेली. आईचा वास बाळ जन्मानंतर काही दिवसांतच ओळखायला लागतं, आणि तीन वर्षांचं पोर रडताना तुमच्या पदरात तोंड खुपसतं ते काय उगाच?

मात्र साडेपाचपर्यंत झोपलेल्या मुलापुढे कुठलाच वास चालायचा नाही. या वयाला दिवसभरात मिळून १० ते १३ तास झोप लागते. त्यातली दुपारीच एवढी झाली, तर रात्री नऊला ती यावी कुठून? पाळणाघरातल्या ताईंना सांगा, तीन-साडेतीनला उठवा म्हणून. चार दिवस किरकिर करेल, करू दे.

आणि तुम्ही जे जाता जाता लिहिलंत, त्याने मात्र माझे कान टवकारले. रोज घोरणं, तोंडाने श्वास घेणं यामागे नाकामागच्या गाठी, म्हणजे अ‍ॅडेनॉइड्स, वाढलेल्या असू शकतात. मग झोप अर्धवट होते आणि मूल चिडचिडं होतं. डिफ्यूझरचा डबा फोडण्याआधी, याच आठवड्यात कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवून या. घोरताना मोबाइलवर मिनिटभराचं चित्रण करून न्या, त्यांना फार उपयोगी पडतं.