दोन डबे, एकच पिंप

प्रश्न : मी लालबागमधील एका अनुदानित प्राथमिक शाळेची मुख्याध्यापिका आहे. शाळेत 340 मुले आहेत. गेल्या जूनमध्ये आम्ही प्रत्येक मजल्यावर ओल्या कचऱ्यासाठी हिरवा आणि सुक्यासाठी निळा डबा ठेवला. मात्र संध्याकाळी दोन्ही डबे एकाच पिंपात रिकामे होताना चौथीतल्या एका मुलीने पाहिले आणि दुसऱ्या दिवशी वर्गात त्याचे कारण विचारले. बाईंना उत्तर देता आले नाही. आमचे कुठे चुकले?

उत्तर : डबे आधी आले आणि कचरा नेणारा कोण, हे ठरायचे राहून गेले, एवढीच चूक आहे. 2016 च्या केंद्रीय नियमांनी ओला, सुका आणि घरगुती घातक असा कचरा वेगळा करून देण्याची जबाबदारी तो निर्माण करणाऱ्यावर टाकली होती. पण वेगळा केलेला कचरा वेगळा उचलला जात नसेल, तर मुले त्यातून फक्त देखावा शिकतात. म्हणून महापालिकेच्या आपल्या एफ दक्षिण विभाग कार्यालयातील घनकचरा खात्याला पत्र देऊन सुका कचरा कोणत्या दिवशी आणि कोणत्या संकलन केंद्रात जाईल, हे लेखी मागून घ्यावे. स्त्री मुक्ती संघटनेसारख्या, कचरावेचक महिलांबरोबर काम करणाऱ्या संस्थेकडेही विचारणा करता येईल. हे ठरवण्यासाठी जी बैठक होईल, तिला शाळेची सफाई करणाऱ्या मावशींना अवश्य बसवावे. पिंप त्याच भरतात, आणि डबे ठेवताना त्यांना कोणी विचारले नसावे, असे आपल्या पत्रावरून वाटते.

त्यानंतर एक आठवडा रोजचा कचरा वजनकाट्यावर तोलावा. बहुतेक शाळांत जड भरते ती खिचडी. ती खतात घालण्यापूर्वी उरतेच का, हे पाहावे. सकाळची हजेरी स्वयंपाक करणाऱ्या बचत गटाला वेळेवर कळवली, पहिली वाढ अर्धा डाव ठेवली आणि हवे त्याला पुन्हा वाढले, तर उरणारे अन्न पुष्कळ कमी होते. जे उरेल त्यासाठी भोके पाडलेले, झाकणाचे, विटांवर ठेवलेले पिंप पुरते. एक भाग अन्नावर दोन भाग सुका पाला घालावा आणि आठवड्यातून दोनदा खालीवर करावे. वास येऊ लागला की पाला कमी पडला, असे खुशाल समजावे. मुंबईत खरी अडचण जुलैत येते, कारण तेव्हा सुका पाला मिळत नाही. आवारात बदामाचे झाड असेल, तर हिवाळा सरताना गळणारी पाने चुरून गोणीत भरून ठेवावीत आणि गोण्या जिन्याखाली कोरड्या जागी रचाव्यात.

रद्दीचे सोपे आहे. वह्या, वर्तमानपत्रे आणि पुठ्ठा वेगवेगळे बांधावे, आणि डब्यातल्या आमटीचा थेंब त्यावर पडू देऊ नये. ओली रद्दी रद्दीवाला घेत नाही किंवा भाव पाडून घेतो.

उरली वेफर्सची चकचकीत वेष्टने. मुलांना एक वेष्टन मुठीत चुरगळून सोडायला सांगा. ते पुन्हा उलगडले, तर तो नुसता अॅल्युमिनियमचा कागद नव्हे, प्लॅस्टिकवर धातूचा पातळ थर आहे. असे एकमेकांना चिकटलेले थर वेगळे करणे परवडत नाही, म्हणून भंगारवाला त्यांना हात लावत नाही. ती शाळेत न येणे हाच उपाय आहे, आणि त्याची सुरुवात वाढदिवसाच्या चॉकलेटांपासून करता येईल. डझनाने केळी वाटली, तरी वाढदिवस साजरा होतो आणि साली खताच्या पिंपात जातात.

प्रश्न : माझा मुलगा दुसरीत आहे. पावसाचे कारण देऊन शाळा प्रत्येक वहीला प्लॅस्टिकचे कव्हर घालायला सांगते. नकार द्यावा का? (एक पालक, घाटकोपर)

उत्तर : कारण खोटे नाही, पण दहा वह्या झाकण्यापेक्षा एक दप्तर झाकावे, दप्तरावर चढवायचे रेनकव्हर नीट जपले, तर दोन-तीन पावसाळे काढते. वह्यांना जुन्या कॅलेंडरची जाड पाने घालावीत, कोरी बाजू वर ठेवून, म्हणजे नाव लिहिता येते. गेल्या वर्षीच्या वह्यांतील कोरी पाने सुईदोऱ्याने शिवली, की कच्च्या कामाची वही विकत घ्यावी लागत नाही. शाळेला नकार कळवण्याऐवजी अशी एक वही घेऊन वर्गशिक्षिकेला भेटावे.