पांढरी टोपी, रापलेला चेहरा आणि एकच फ्लॅश

प्रश्न : मी नाशिकमध्ये छायाचित्रण शिकते. पोर्ट्रेटच्या प्रकल्पासाठी निफाड आणि दिंडोरी तालुक्यांतील वयस्कर द्राक्ष बागायतदारांची छायाचित्रे मी स्टुडिओत काढत आहे. माझ्याकडे एकच फ्लॅश असून त्यावर लहान सॉफ्टबॉक्स (प्रकाश मऊ करणारी, पुढे पांढरे कापड असलेली पेटी) लावून तो मी समोरून, एका बाजूला आणि डोक्याच्या वर ठेवते. त्यामुळे गांधी टोपी इतकी पांढरी होते की कापडाचा पोत दिसेनासा होतो. फ्लॅशची पॉवर कमी केली, तर चेहरा काळवंडतो. शिवाय घरच्या मंडळींना चेहरा ‘जरा उजळ’ करून हवा असतो. काय करावे?
– एक विद्यार्थिनी, नाशिक रोड

उत्तर : पॉवर कमी-जास्त करून ही अडचण सुटणार नाही, कारण तिच्यामुळे टोपी आणि चेहरा यांच्यावरचा प्रकाश एकाच प्रमाणात बदलतो. बदलायला हवी ती फ्लॅशची जागा. प्रकाशाची तीव्रता अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात घटते. समजा, टोपी फ्लॅशपासून ६० सेंटिमीटरवर आणि गाल ७५ सेंटिमीटरवर आहे, तर टोपीवर गालाच्या दीडपटीहून अधिक प्रकाश पडतो; पांढरे सुती कापड रापलेल्या त्वचेपेक्षा मुळातच कितीतरी जास्त प्रकाश परतवते, त्यात ही भर पडते. हीच अंतरे १८० आणि १९५ सेंटिमीटर केली, तर फरक सुमारे १.१७ पटींवर येतो. सॉफ्टबॉक्स बिंदूएवढा नसल्यामुळे जवळच्या अंतरावर हा हिशेब तंतोतंत जुळत नाही, पण कल हाच राहतो. मात्र फ्लॅश मागे नेला की सावल्यांच्या कडा कडक होतात, म्हणून शक्य असल्यास १२० सेंटिमीटरचा सॉफ्टबॉक्स किंवा मोठी छत्री मिळवावी.

जागा अपुरी असेल, तर सॉफ्टबॉक्सचे तोंड छातीच्या दिशेने खाली झुकवावे, म्हणजे प्रकाशाचा मुख्य झोत सदऱ्याकडे जाईल आणि टोपीला त्याची केवळ कड लागेल. तरीही टोपी उजळ वाटली, तर सॉफ्टबॉक्स आणि टोपी यांच्यामध्ये स्टँडवर काळा पुठ्ठा लावावा. हा पुठ्ठा टोपीच्या फार जवळ आणला, तर कपाळावर सावलीची सरळ रेघ उमटते आणि ती एकदा दिसली की नजर तिथून हलत नाही. सॉफ्टबॉक्सकडे सरकवला की तीच सावली विरघळून जाते. छातीच्या उंचीवर, चौकटीबाहेर, पांढऱ्या थर्माकोलची शीट आडवी धरली की भुवयांखालचा अंधार कमी होतो. एक्स्पोजर (कॅमेऱ्यात किती प्रकाश घ्यायचा ते) टोपीवरून ठरवावे : कॅमेऱ्यातील हायलाइटची सूचना, म्हणजे अतिउजळ होऊन तपशील हरवलेला भाग दाखवणारी खूण, टोपीवर लुकलुकायची जेमतेम थांबेल, तिथे थांबावे आणि छायाचित्र रॉ स्वरूपात, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या मूळ फाइलच्या रूपात घ्यावे.

कपाळावरची आणि गालफडांवरची चकाकी पावडर लावून संपूर्ण मारू नये, अशी माझी आग्रहाची विनंती आहे. सावळ्या, रापलेल्या त्वचेचा घाट सावल्यांपेक्षा या चकाकीतूनच अधिक उमगतो. टोपी किंचित मागे सरकली की तिच्या कडेखाली झाकलेल्या फिकट त्वचेचा पट्टा दिसतो. तोही राहू द्यावा, कारण बागेत उन्हात घालवलेली वर्षे त्याच्याइतकी स्पष्ट दुसरे काही सांगत नाही.

घरच्या मंडळींची मागणी समजून घ्यावी. चेहऱ्यावर खरोखरच प्रकाश कमी पडला असेल, तर त्यांचे म्हणणे रास्त आहे आणि वरील उपायांनी ते पूर्ण होईल. परंतु संगणकावर त्वचेचा रंगच बदलून माणूस गोरा करणे मला मान्य नाही, कारण मग पोर्ट्रेट त्या माणसाचे उरत नाही. हे त्यांना आदराने, पण स्पष्ट सांगावे. प्रिंट दाखवताना ती उघड्या दाराशी, दिवसाच्या उजेडात हातात द्यावी. घरातल्या मंद दिव्याखाली कोणतीही प्रिंट आहे त्यापेक्षा गडद दिसते आणि उजळ करण्याचा आग्रह बहुतेक वेळा तिथूनच सुरू होतो.