सोद्याचा शेवटचा आडोसा

प्रश्न असा आला आहे: "'देशभक्ती हा बदमाशांचा शेवटचा अड्डा असतो' हे वाक्य एका वक्तृत्व स्पर्धेत ऐकलं. दुसरीकडे 'हरामखोरांचे अखेरचे आश्रयस्थान' असं वाचलं. बरोबर कोणतं? आणि हे बर्नार्ड शॉचंच ना?"

शॉचं नाही. इंग्रजीतलं जे जे खोचक, ते शॉच्या नाहीतर ऑस्कर वाइल्डच्या खात्यावर जमा करायची आपल्याकडे रीतच पडली आहे. हे वाक्य सॅम्युअल जॉन्सनचं, म्हणजे इंग्रजी कोशवाल्या जॉन्सनचं. तेही त्यांनी लिहिलेलं नाही. ७ एप्रिल १७७५ रोजी लंडनच्या एका टॅव्हर्नमध्ये बरीच मंडळी जेवायला जमली होती, देशभक्तीचा विषय निघाला आणि ते एकदम ठासून बोलून गेले: 'पेट्रियटिझम इज द लास्ट रेफ्यूज ऑफ अ स्काउंड्रल'. बॉझवेल पंगतीला होता म्हणून ते टिकलं. १७९१ मध्ये त्याने जॉन्सनचं चरित्र छापलं तेव्हा जॉन्सनना जाऊन सहा वर्षं उलटून गेली होती.

आता शब्दांकडे. 'अड्डा' आधी बाद करू. अड्ड्यावर माणूस रोज जातो, हक्काने पाय पसरून बसतो. जॉन्सनच्या वाक्यातल्या माणसाला बाकी कुठेच थारा उरलेला नाही, म्हणून तो इथे आला आहे. 'शेवटचा अड्डा' म्हटलं की रात्री उशिरा गाठायचं ठिकाण डोळ्यांसमोर येतं! 'आश्रयस्थान' अर्थाला चुकत नाही, पण राजाश्रय, आश्रयदाता अशा भारदस्त गोतावळ्यातला तो शब्द. आश्रय म्हटलं की तो देणारा कोणीतरी आला. इथे कोणी दिलेला नाही, हा आपणच घुसला आहे. माझं मत 'आडोसा' या शब्दाला. पाऊस आला की आपण आडोशाला उभे राहतो आणि कोणाला तोंड दाखवायचं नसेल तरी आडोशालाच जातो. निवारा आणि लपण, दोन्ही त्यात येतात.

लपण्याचा मुद्दा मी पदरचा घातलेला नाही. जॉन्सनच्या १७५५ च्या कोशात 'स्काउंड्रल' काढून बघा. अर्थ दिला आहे तो साधारण हलकट लबाड, क्षुद्र दुष्ट असा, आणि मूळ म्हणून एक इटालियन शब्द दिला आहे, ज्याचा अर्थ 'लपणारा'. आजचे कोशकार ही व्युत्पत्ती मानत नाहीत, मूळ अज्ञात म्हणतात. पण वीस वर्षांपूर्वी स्वतःच कोशात घातलेली व्युत्पत्ती बोलताना जॉन्सनच्या मनात घोळत असेल तर नवल नाही.

या क्षुद्रपणामुळेच 'बदमाश' मला जड वाटतो. फारसी 'बद' आणि अरबी 'मआश', म्हणजे उपजीविका. वाईट धंद्यावर पोट भरणारा तो बदमाश, पोलीस ठाण्यात नोंद असलेला. 'हरामखोर' तर थेट शिवी, ती बोलणाऱ्याचा राग दाखवते, समोरच्याचा प्रकार नाही. आपल्याकडे 'सोदा' आहे की! अंगावर कपडे चांगले, बोलणं गोड, पण हिशेबात हात मारणारा. आणि एकवचनीच ठेवा. 'बदमाशांचा' केलं की देशभक्तांची टोळीच झाली, आणि वाक्य देशभक्तीची व्याख्या असल्यासारखं ऐकू येतं. जॉन्सन देशभक्तीची व्याख्या करत नव्हते, सोद्याची खोड सांगत होते.

तेव्हा: देशभक्ती हा सोद्याचा शेवटचा आडोसा. भाषणात मोकळं करून सांगायचं तर 'कुठेच थारा उरला नाही की सोदा देशभक्तीच्या आडोशाला जातो.'

खरी अडचण मात्र 'देशभक्ती'चीच आहे. मराठीत हा शब्द स्वातंत्र्यलढ्याच्या मुशीतून निघाला. आपण देशभक्त रत्नाप्पा कुंभार म्हणतो तेव्हा ती नावाआधी लावायची पदवी असते. १७७५ च्या लंडनमध्ये 'पेट्रियट' हे राजकारणातलं लेबल होतं. मंत्रिमंडळाविरुद्ध ओरडणारे, सरकारशी भांडणाऱ्या जॉन विल्क्सचा जयजयकार करणारे, अमेरिकन वसाहतींची बाजू घेणारे स्वतःला पेट्रियट म्हणवत. जॉन्सनच्या कोशात १७५५ मध्ये या शब्दाला एकच सरळ अर्थ होता: देशप्रेम हीच ज्याची मुख्य ओढ, तो. १७७३ च्या चौथ्या आवृत्तीत त्यांनी शेपूट जोडलं: सरकारविरुद्ध गटबाजी करून उपद्रव देणाऱ्यालाही कधी कधी असं म्हणतात. कोशातली अशी भर म्हणजे कोशकाराचं मतदानच. आणि त्या पंगतीच्या महिनाभर आधी, १७७५ च्या मार्चमध्ये, निघालेल्या पत्रकात त्यांनी अमेरिकनांना विचारलं होतं की स्वातंत्र्यासाठी सगळ्यांत मोठ्याने केकाटणारे नेमके गुलामांना हाकणारेच कसे? (इथला मूळ शब्द कुत्र्याच्या ओरडण्याचा आहे, म्हणून 'ओरडणारे' चालणार नाही.)

जॉन्सन स्वतः सरकारी पेन्शन घेत होते, वर्षाला ३०० पौंड. ज्या कोशाच्या पहिल्या आवृत्तीत पेन्शन म्हणजे देशद्रोहासाठी सरकारी भाडोत्र्याला मिळणारा पगार असं त्यांनी लिहिलं होतं, त्याच कोशाचे ते कर्ते. विरोधकांनी ही व्याख्या त्यांना पुष्कळ ऐकवली.

म्हणून वाक्य वापरताना 'देशभक्तीचा आव' म्हणावं का? बॉझवेलने तेच केलं. वाक्य देऊन लगेच पुस्ती जोडली की त्यांना खरं देशप्रेम अभिप्रेत नव्हतं, स्वार्थावर पांघरलेलं सोंग अभिप्रेत होतं. अर्थ बरोबर, पण वाक्यातच 'आव' घातला की चिमटा गेला. चिमटा राहू द्या, खुलासा पुढच्या वाक्यात करा.

त्या पंगतीत बॉझवेलने हरकतही घेतली होती, की सगळेच पेट्रियट काही सोदे नसतात. एक तरी नाव सांग, असं कोणीतरी म्हणालं. त्याने सर्वांना आदरणीय अशा एका बड्या गृहस्थाचं नाव घेतलं. पुस्तकात ते छापलेलं नाही, अभ्यासक ते संसदेतले नामवंत वक्ते एडमंड बर्क यांचं मानतात. त्यावर जॉन्सन म्हणाले, तो प्रामाणिक नाही असं मी म्हणत नाही, पण त्याच्या राजकारणावरून तो प्रामाणिक आहे असं ठरवायला काही आधारही नाही.