फायनान्स शिकून पोरगी करते काय?

प्रश्न : पोरगी बी.कॉम. झाली, आता फायनान्समध्ये एम.बी.ए. म्हणते. घरी कापसाचं वावर. शिकून करते काय?
– एक वडील, पांढरकवडा

उत्तर : भाऊ, तिथे नुसता शेअर बाजार नसतो. तुमच्याकडचं जिनिंगच घ्या, म्हणजे कापसातली सरकी काढून रुईच्या गाठी बांधायचा कारखाना. कापूस दिवाळीनंतर रोखीनं घ्यायचा, 170 किलोच्या गाठी विकून पैसा येतो उशिरा. मधली तूट कॅश क्रेडिटनं, म्हणजे मालाच्या तारणावर बँकेनं दिलेल्या उचलीनं, भरली तर व्याज किती, भाव पडला तर बँक उचल किती कापेल, हे तिला मांडता येतं. खेळतं भांडवल म्हणतात ते हेच. ताळेबंद वाचणं, प्रकल्प अहवाल तपासणं. बँकेच्या कर्ज विभागात हेच लागतं. एक्सेल मात्र आतापासूनच शिकू द्या, कॉलेजच्या भरवशावर राहू नका! फीसाठी वावर विकू नका. शैक्षणिक कर्जाचा हप्ता शिक्षण संपेपर्यंत थांबतो, व्याज तेवढं चढत राहतं.