‘बालिश’, ‘बालसुलभ’, ‘बाळबोध’ की ‘पोरखेळ’?

‘द लेजंड ऑफ झेल्डा’ या व्हिडिओ गेमच्या मालिकेवरील मराठी लेखात तुम्ही असे वाक्य लिहिले होते : ‘“द विंड वेकर” या भागाची नवी चित्रशैली बालिश आहे, अशी टीका चाहत्यांनी केली.’ संपादकांनी ‘बालिश’ खोडून तेथे ‘बालसुलभ’ केले आणि एका मित्राने ‘बाळबोध’ सुचवला. या तिघांपैकी योग्य शब्द कोणता, असा तुमचा प्रश्न आहे. माझ्या मते तिन्ही शब्द या वाक्यात नीट बसत नाहीत, पण प्रत्येकाचे न बसण्याचे कारण वेगळे आहे, आणि ते कळण्यासाठी चाहते नेमके कशावर रागावले होते हे आधी पाहावे लागते.

१९९८ साली आलेल्या ‘ओकारिना ऑफ टाइम’ या भागात नायक लिंक लहान मुलगा असतो आणि खेळाच्या ओघात एक पवित्र तलवार उपसताच सात वर्षांनी मोठा होऊन जागा होतो. ऑगस्ट २००० मध्ये ही मालिका काढणाऱ्या निन्टेन्डो कंपनीने जपानमधल्या आपल्या स्पेसवर्ल्ड प्रदर्शनात गेमक्यूब या नव्या यंत्राची ताकद दिसावी म्हणून एक छोटी चित्रफीत दाखवली, आणि तीत तोच तरुण लिंक मालिकेतला खलनायक गॅनन्डॉर्फ याच्याशी तलवारीने झुंजत होता. पुढचा भाग असाच वास्तवदर्शी असणार, हे चाहत्यांनी मनाशी पक्के धरले. वर्षभराने, ऑगस्ट २००१ मध्ये, त्याच प्रदर्शनात खऱ्या खेळाची झलक आली तेव्हा पडद्यावर होता तो मोठ्या डोक्याचा, आखूड पायांचा, टपोऱ्या डोळ्यांचा एक मुलगा. सेल-शेडिंग या तंत्रामुळे त्याच्या अंगावरचा प्रकाश हळूहळू सावलीत विरघळत नव्हता. उजेड आणि सावली यांच्या मध्ये कापल्यासारखी रेघ होती, जशी ‘सेल’ नावाच्या पारदर्शक तावांवर हाताने रंगवलेल्या जुन्या कार्टूनपटांत असते. धूरसुद्धा भोवऱ्यासारख्या गोल वेटोळ्यांनी निघे आणि वारा पांढऱ्या रेघांनी दाखवलेला असे. नाराज चाहत्यांनी ‘सेल’ आणि ‘झेल्डा’ जोडून त्याला ‘सेल्डा’ असे हिणवणारे नाव दिले.

या रागामागची तक्रार मराठीत सांगायची तर अशी : ‘आम्ही या मालिकेबरोबर मोठे झालो, आणि आता तुम्ही ती लहान मुलांच्या हाती देता आहात.’ चित्रे वाईट काढली आहेत, असे त्यांचे म्हणणे नव्हते. ‘बालिश’ येथे अडतो तो याच कारणाने. हा शब्द संस्कृतातला आहे (त्यातला ‘इश’ इंग्रजी प्रत्ययासारखा ऐकू येतो, पण त्याचा इंग्रजीशी काही संबंध नाही) आणि संस्कृतातच त्याला ‘अजाण, मूर्ख’ असा अर्थ होता. मराठीत आपण बालिश प्रश्न, बालिश हट्ट, बालिश युक्तिवाद म्हणतो; प्रत्येक ठिकाणी दोष समजुतीचा असतो. चित्राला ‘बालिश’ म्हटले की वाचक ते कच्च्या हाताने काढलेले आहे असे समजतो. ‘विंड वेकर’मधली रेघ तर अत्यंत सराईत हाताची आहे.

संपादकांची दुरुस्ती मात्र मला अधिक गंभीर वाटते, कारण तिने वाक्याचा अर्थच फिरवला. ‘सुलभ’ म्हणजे सहज लाभणारे, आणि म्हणून ‘बालसुलभ’ म्हणजे बालपणाला साजेसे, स्वाभाविक. बालसुलभ कुतूहल, बालसुलभ निरागसपणा असे आपण कौतुकाने किंवा निदान ममतेने म्हणतो. ‘बालसुलभ असल्याची टीका केली’ या वाक्यात विशेषण गोंजारते आणि क्रियापद फटकारते. शब्द सौम्य करण्याची संपादकांची इच्छा मी समजू शकतो, पण दुसऱ्याची टीका सांगताना तिची धार बोथट करण्याचा अधिकार आपल्याला नाही.

‘बाळबोध’ हा शब्द मला फार प्रिय आहे, म्हणून त्याच्यावर थोडे अधिक लिहितो. एके काळी दप्तरातला पत्रव्यवहार मोडीत चाले, कारण तीत लेखणी फारशी न उचलता भरभर लिहिता येई. त्या धावत्या अक्षरासमोर देवनागरीचे सुटे, स्वच्छ अक्षर म्हणजे बाळबोध, मुलांनाही बोध होईल असे. तेथून तो शब्द माणसांकडे आला. माझ्या आजोळी एखादे स्थळ पाहून आल्यावर ‘माणसं अगदी बाळबोध वळणाची आहेत’ असे म्हणत, आणि त्याचा अर्थ साधी, देवभोळी, छक्केपंजे न जाणणारी असा घेतला जाई. ती स्तुतीच असे. आज मात्र ‘बाळबोध मांडणी’ म्हटले की विषयाचे बारकावे हाती न लागलेली मांडणी समजली जाते. जुन्या अर्थाने पाहिले तर सुट्या रेघांची, स्वच्छ रंगांची ही शैली खरोखरच बाळबोध आहे, आणि तुमच्या मित्राच्या कानाला ते जाणवले असावे. पण आजचा वाचक जुना अर्थ घेणार नाही, आणि चाहत्यांचा रोख तर साधेपणावर नव्हताच.

‘पोरकट’ हा चौथा पर्याय कोणी सुचवेल. मळकट, तेलकट, धुरकट, मातकट यांतला ‘कट’ नको असलेल्या गोष्टीचा पुट चढल्याची भावना देतो, आणि ‘पोरकट’मध्येही तीच नापसंती आहे. पण हा शब्द प्रामुख्याने मोठ्या माणसाच्या वागण्याला लागतो : ‘एवढा घोडा झाला तरी पोरकटपणा जात नाही.’ लिंक तर येथे खरोखरच लहान मुलगा आहे; मूल मुलासारखे दिसले तर त्याला पोरकट म्हणता येत नाही.

मराठीत चाहत्यांच्या मनातला शब्द तयार आहे, आणि तो आहे ‘पोरखेळ’. गंभीर गोष्ट कोणी गांभीर्याने घेतली नाही की आपण म्हणतो, ‘काय पोरखेळ मांडला आहे!’ या शब्दात कोणाची बुद्धी काढलेली नाही, हाताचे कसब काढलेले नाही. जिची प्रतिष्ठा आपण मानत होतो ती गोष्ट हलकी केली, एवढाच आरोप आहे, आणि २००१ साली आरोप तोच होता. त्यातून विषय खेळाचाच असल्यामुळे शब्दाचा मूळ अर्थही येथे जिवंत राहतो. म्हणून तुमचे वाक्य मी असे लिहीन : ‘नव्या रूपामुळे झेल्डाचा पोरखेळ झाला, अशी टीका चाहत्यांनी केली.’ तुम्ही स्वतः शैलीचे वर्णन करता तेथे ‘कार्टूनच्या वळणाची, सपाट रंगांची’ असे सरळ लिहावे. तेथे न्यायनिवाडा करणारे विशेषण नको, कारण डिसेंबर २००२ मध्ये खेळ जपानमध्ये बाजारात आल्यावर त्याची कथा मुळीच हलकी नाही हे दिसून आले. ज्या समुद्रावर लिंक होडी हाकतो त्याच्या तळाशी एक अख्खे राज्य बुडालेले आहे, आणि शेवटी लिंकची तलवार गॅनन्डॉर्फच्या मस्तकात रुतून तो तसाच दगड होतो.

संपादकांचा ‘बालसुलभ’ही लेखात ठेवता येईल, मात्र दुसऱ्या जागी. या खेळात लिंकचे ते टपोरे डोळे स्थिर नसतात. खोलीत एखादी महत्त्वाची वस्तू असली की खेळणाऱ्याचे लक्ष जाण्याआधीच लिंकची नजर तिच्याकडे वळते, आणि कोठे पाहायचे ते खेळणाऱ्याला त्या डोळ्यांवरून कळते. वास्तवदर्शी चेहऱ्यावर इतक्या लहान हालचाली त्या काळच्या पडद्यावर दिसल्याच नसत्या. त्या नजरेबद्दल लिहिताना ‘बालसुलभ कुतूहल’ असे अवश्य लिहावे.