कुत्र्या-मांजरांना रक्त देताना : वाचकांचे प्रश्न, पशुवैद्यकाची उत्तरे

प्रश्न : आमच्या ३० किलो वजनाच्या लॅब्रॅडॉरला गोचीडताप झाला असून हिमोग्लोबिन ४ वर आले आहे. शेजाऱ्यांच्या कुत्र्याचे रक्त देण्याचे ठरते आहे. पहिल्या वेळी रक्तगट पाहिला नाही तरी चालते, असे डॉक्टर म्हणतात. माणसांच्या बाबतीत असे कोणी करणार नाही. मग कुत्र्यांत ते कसे चालते?
– एक वाचक, सातारा

उत्तर : डॉक्टरांच्या म्हणण्याला शास्त्राचा आधार आहे, पण त्याची पुढची बाजूही आपण समजून घ्यावी. माणसाच्या रक्तात परक्या गटाविरुद्धची प्रतिद्रव्ये लहानपणापासूनच तयार असतात, त्यामुळे चुकीच्या गटाचे रक्त पहिल्याच वेळी जिवावर बेतते. कुत्र्यांचे अनेक रक्तगट ज्ञात आहेत. त्यांतला ‘डीईए १’ हा उपचारांच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा. या गटाविरुद्धची प्रतिद्रव्ये कुत्र्याच्या शरीरात आधीपासून नसतात, म्हणून आयुष्यात कधीच रक्त न घेतलेल्या कुत्र्याला पहिली पिशवी सहसा निभावून जाते. मात्र डीईए १ नसलेल्या कुत्र्याला तो गट असलेले रक्त दिले, तर साधारण चौथ्या दिवसापासून पुढे शरीर प्रतिद्रव्ये तयार करू लागते. त्यामुळे दिलेल्या पेशी अपेक्षेपेक्षा लवकर नष्ट होतात आणि पुढे पुन्हा तसेच रक्त दिले गेल्यास ते काही मिनिटांत फुटू लागून कुत्रा दगावू शकतो.

म्हणूनच, जीव तासाभरावर आला नसेल तर पहिल्या वेळीही गट पाहावा, असे माझे स्पष्ट मत आहे. डीईए १ची तपासणी छोट्या कार्डावर काही मिनिटांत होते. काही जण त्याऐवजी फक्त क्रॉस मॅच करून समाधान मानतात. क्रॉस मॅचमध्ये रुग्णाच्या रक्तद्रवात दात्याच्या तांबड्या पेशी मिसळून त्यांच्या गुठळ्या होतात का किंवा त्या फुटतात का हे पाहतात. ही चाचणी आज प्रतिद्रव्ये आहेत का एवढेच सांगते, उद्या ती तयार होतील का हे सांगत नाही. पहिल्यांदाच रक्त घेणाऱ्या रुग्णात गट वेगळे असूनही क्रॉस मॅच बिनतक्रार जुळते, ते याच कारणाने. याउलट पूर्वी रक्त दिलेले असेल आणि त्याला चार दिवसांहून अधिक काळ लोटला असेल, तर गट जुळत असला तरी क्रॉस मॅच केल्याशिवाय रक्त देऊ नये. आपल्या कुत्र्याला रक्त दिल्याची तारीख आणि दात्याचा गट त्याच्या लसीकरणाच्या वहीत लिहून ठेवा. पुढे दुसऱ्या गावी, दुसऱ्या डॉक्टरांकडे जावे लागले तर ती एक ओळ फार मोलाची ठरते.

किती रक्त लागेल याचा ढोबळ हिशेब असा : वजनाच्या दर किलोमागे २ मिली रक्त दिल्यास तांबड्या पेशींचे प्रमाण सुमारे १ टक्क्याने वाढते. हिमोग्लोबिन ४ म्हणजे पेशींचे प्रमाण १२ टक्क्यांच्या आसपास. ते २० पर्यंत न्यायचे तर ३० किलोच्या कुत्र्याला ४८० मिली, म्हणजे साधारण एक पूर्ण पिशवी लागते. रक्त गाळणी असलेल्या नळीतूनच द्यावे आणि त्याच नळीतून रिंगर लॅक्टेट सोडू नये, कारण त्यातल्या कॅल्शियममुळे गुठळ्या होतात. साधे सलाईन चालते. पहिला अर्धा तास थेंब अगदी संथ ठेवून ताप, नाडी आणि श्वास पुन्हा पुन्हा मोजले जातात. आपण जवळ बसणार असाल तर कुत्रा अचानक अस्वस्थ होणे, उलटी, चेहऱ्यावर सूज किंवा पित्त उठल्यासारख्या गाठी आणि लालसर-तपकिरी लघवी यांकडे लक्ष ठेवा व यातले काहीही दिसताच आवाज द्या. लावलेली पिशवी चार तासांच्या आत संपली पाहिजे.

रक्ताने गोचीडताप बरा होत नाही, हेही सांगितले पाहिजे. रक्तामुळे औषधांना काम करायला वेळ मिळतो, एवढेच. एर्लिकिया आणि बबेसिया या गोचीडताप आणणाऱ्या दोन जंतूंवरची औषधे वेगवेगळी आहेत. त्यामुळे नेमका कोणता जंतू आहे याची तपासणी रक्त देण्यापूर्वी घेतलेल्या नमुन्यावर करून घ्यावी. शेजाऱ्यांच्या कुत्र्याचीही हीच तपासणी अत्यावश्यक आहे. आपल्याकडे अंगावर गोचीड असलेली अनेक कुत्री वरून ठणठणीत दिसतात आणि रक्तात जंतू बाळगून असतात. अशा दात्याचे रक्त म्हणजे आजाऱ्याला दुसरा आजार देणे.

प्रश्न : आमच्या पर्शियन मांजरीला मूत्रपिंडाचा विकार असून रक्त फार कमी झाले आहे. घरातल्या गावठी बोक्याचे रक्त चालेल का? मांजराचे रक्त न मिळाल्यास कुत्र्याचे देतात, असेही ऐकले.
– एक वाचक, ठाणे

उत्तर : मांजराला गट न पाहता रक्त कधीही देऊ नये, पहिल्या वेळीसुद्धा नाही. मांजरांत अ, ब आणि क्वचित अब असे गट असतात आणि इथे परक्या गटाविरुद्धची प्रतिद्रव्ये माणसाप्रमाणेच आधीपासून हजर असतात. ब गटाच्या मांजरात अ गटाविरुद्धची प्रतिद्रव्ये इतकी तीव्र असतात की अ गटाचे अवघे १ मिली रक्तही प्राणघातक ठरू शकते. अ गटाच्या मांजराला ब गटाचे रक्त दिल्यास प्रतिक्रिया तुलनेने सौम्य असते, पण पेशी थोड्याच दिवसांत नष्ट होऊन सगळी धडपड वाया जाते. सर्वसाधारण मांजरांत अ गट पुष्कळ अधिक आढळतो, त्यामुळे आपला बोका बहुधा अ गटाचा निघेल. पर्शियन आणि ब्रिटिश शॉर्टहेअर यांसारख्या जातींत मात्र ब गट त्यामानाने जास्त असल्याने आपल्या मांजरीबद्दल अंदाज बांधणे धोक्याचे आहे. तपासणीचे कार्ड मिळत नसेल तर क्रॉस मॅच तरी झालीच पाहिजे. मांजरांत प्रतिद्रव्ये मुळातच असल्यामुळे अ आणि ब यांची विजोड त्या चाचणीत उघडी पडते.

बोका निरोगी, साडेचार किलोंहून अधिक वजनाचा, पूर्ण लसीकरण झालेला आणि ल्युकेमिया विषाणू, एफआयव्ही (मांजरांची प्रतिकारशक्ती खच्ची करणारा विषाणू) व रक्तातील मायकोप्लाझ्मा हे जिवाणू यांपासून मुक्त असावा. त्याच्याकडून साधारण ५० मिली रक्त घेता येते व त्यासाठी बहुतेक वेळा हलकी भूल द्यावी लागते.

कुत्र्याचे रक्त मांजराला देण्याचे प्रकार झालेले आहेत. पहिल्या वेळी मांजर ते बरेचदा सहन करते, पण त्या पेशी आठवड्याभरात नष्ट होतात आणि त्यानंतर पुन्हा कुत्र्याचे रक्त दिल्यास मृत्यूचा मोठा धोका असतो. समोर दुसरा कोणताच मार्ग नसताना, आपली लेखी संमती घेऊन करायचा तो उपाय आहे. आपल्या मांजरीचे दुखणे जुने आहे. मूत्रपिंडातून मिळणारी रक्तनिर्मितीची सूचना मंदावल्यामुळे रक्त कमी होते. दात्याचा शोध घेत असतानाच हीच सूचना बाहेरून देणाऱ्या डार्बेपोएटिन या इंजेक्शनाविषयी डॉक्टरांशी बोलावे. अशा मांजरीला रक्त भराभर दिल्यास फुप्फुसांत पाणी साचू शकते, म्हणून ते हळूहळूच द्यावे लागते.

प्रश्न : प्राण्यांच्या रक्तपेढ्या भारतात आहेत का?
– एक वाचक, मडगाव

उत्तर : आहेत, पण मोजक्या. चेन्नईच्या मद्रास पशुवैद्यकीय महाविद्यालयात आणि लुधियानाच्या पशुवैद्यकीय विद्यापीठात अशी सोय आहे. केंद्राच्या पशुसंवर्धन विभागाने २०२५ मध्ये प्राण्यांच्या रक्तदानाविषयी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली असून त्यांत मोबदल्याशिवाय ऐच्छिक दान आणि रक्तगट तपासणी यांवर भर आहे. इतर बहुतेक ठिकाणी आजही ऐन वेळी दाता शोधावा लागतो. आपल्या डॉक्टरांकडे दात्यांची यादी आहे का, हे प्राणी धडधाकट असतानाच विचारून ठेवावे.

प्रश्न : माझा जर्मन शेफर्ड ३२ किलोंचा, तीन वर्षांचा आहे. त्याचे रक्त दिल्यास त्याला अशक्तपणा येईल का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : दाता म्हणून तो उत्तम वयाचा आणि वजनाचा आहे. त्याच्या अंगात पावणेतीन लिटरांच्या आसपास रक्त असेल. त्यातले ४५० मिली, म्हणजे सुमारे सहावा हिस्सा, निरोगी कुत्रा सहज सोसतो. कुत्र्याला टेबलावर कुशीवर झोपवतात, मानेवरचे केस कापून त्वचा स्वच्छ करतात आणि मानेच्या मोठ्या शिरेत सुई घालतात. पिशवी टेबलाखाली वजनकाट्यावर ठेवलेली असते व रक्त न गोठण्याचे द्रव्य नीट मिसळावे म्हणून एक जण ती सारखी हलवत असतो. शांत कुत्र्याला भूल लागत नाही. आपण डोक्यापाशी उभे राहून बोलत राहिलात तर तो दहा-पंधरा मिनिटे पडून राहतो. सुई निघाल्यावर त्या जागी काही मिनिटे दाबून धरावे लागते. त्यानंतर पाणी आणि नेहमीचे खाणे द्यावे, दिवसभर धावपळ टाळावी, गळ्यातल्या पट्ट्याऐवजी छातीचा पट्टा बांधावा आणि पुढचे रक्तदान दोन-तीन महिन्यांनंतरच, हिमोग्लोबिन पुन्हा तपासून करावे.